खुलासा: कंत्राटी नोकरीतही बाळंतपणाची रजा मिळते

‘प्रोबेशनवर किंवा कंत्राटावर असलेल्या बायकांना बाळंतपणाची रजा नसते, ती फक्त कायम नोकरीवाल्यांना’ असा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातली अट होती 80 दिवसांची: अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे एवढं काम झालेलं हवं. त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच अट आहे. नोकरी कायम हवी, असं दोन्हींत कुठेही नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या कामगार बायकांना हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच दिला. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने, मधेच कंत्राट संपलं तरी लाभ पूर्ण द्यावा लागेल, असंही सांगितलं. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, पुढे 12. रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला मात्र हे सहसा लागू होत नाही. शिवाय ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नसेल तर रजेचा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. म्हणून काहीजण बायकांना घ्यायलाच कचरतात, ही कायद्याची खरी दुखरी बाजू.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.