एसएसएल लावलं म्हणून कॅशकडे पाठ फिरवू नका

वेबसाइट सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय : ‘एचटीटीपीएसची पानं कॅश होत नाहीत. झाली तरी एचटीटीपी काय नि एचटीटीपीएस काय, पान तेच, एक प्रत पुरते. साइट बिघडली तर कॅश पुसा.’ यातल्या प्रत्येक वाक्यापायी लोकांच्या साइट बंद पडताना मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितोय. (कॅश म्हणजे तयार पानाची जपून ठेवलेली प्रत. एचटीटीपी ही ब्राउझर आणि सर्व्हर यांची पानं मागण्या-देण्याची भाषा, आणि एचटीटीपीएस म्हणजे तीच, एसएसएलच्या कुलपात.)

पानं कॅश होत नाहीत, हे अर्धसत्य आहे. कॉलेजात, ऑफिसात मध्ये बसवलेल्या स्क्विडसारख्या प्रॉक्सीला, म्हणजे मधल्या दलाल सर्व्हरला, एचटीटीपीएसचं पान सहसा वाचताच येत नाही, मग तो ते ठेवणार कुठून? पण तुमच्या सर्व्हरवरचा कॅश कुलूप उघडल्यानंतरच्या बाजूला असतो. ब्राउझरचंही तेच, फायरफॉक्स २०११ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून अशी पानं सरळ डिस्कवर ठेवतो.

एक प्रत पुरते, हे मात्र खरं घातक. ओळखीतल्या एका आंबेवाल्यांची साइट ऐन हंगामात उघडी पडली होती : ना रंग, ना मांडणी, पांढऱ्या पानावर निळ्या लिंकांची उतरंड. कुणीतरी आधी एचटीटीपीनं पान उघडलं, त्याची प्रत ठेवली गेली, आणि तीच पुढे एचटीटीपीएसवाल्या गिऱ्हाइकाला मिळाली. तिच्यात सीएसएसचा, म्हणजे रंग-मांडणी ठरवणाऱ्या फायलीचा, पत्ता एचटीटीपीचा. सुरक्षित पानावर असा सीएसएस ब्राउझर अडवतो, आणि अडवायलाच हवा.

वार्निश या सर्व्हरवरच्या कॅशमध्ये हे हमखास घडतं. तो पानाची ओळख मुळात युआरएलचा मार्ग आणि होस्ट यांवरूनच धरतो. त्याच्या पुढे हिच किंवा एन्जिनएक्स या प्रोग्रामनं एसएसएलचं कुलूप आधीच उघडलेलं असतं, त्यामुळे विनंती एचटीटीपीनं आली काय नि एचटीटीपीएसनं आली काय, त्याच्या लेखी एकच. आता मागचं वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, एचटीटीपीच्या विनंतीला ‘एचटीटीपीएसवर जा’ असं ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचं) उत्तर देतं, वार्निश तेच जपून ठेवतो आणि एचटीटीपीएसनं आलेल्यालाही देतो. तो बिचारा जिथं उभा आहे तिथंच त्याला पुन्हा पाठवलं जातं. शेवटी ब्राउझर हात टेकतो.

आणि म्हणूनच ‘कॅश पुसा’ हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. वार्निशमध्ये प्रत ठेवायची मूळ मुदत १२० सेकंदांची. ती बदललेली नसेल तर दोन मिनिटांत चक्र आपोआप थांबतं. पुढची पहिली विनंती एचटीटीपीएसची आली तर सगळं सुरळीत, एचटीटीपीची आली की पुन्हा तेच. जुन्या लिंका आणि बॉट एचटीटीपीनं येतच राहतात. पुसून कारण जात नाही.

करायचं काय? एचटीटीपी ठेवायचंच नसेल तर वळवण्याचं काम कॅशच्या पुढे, एन्जिनएक्सवरच उरका. मग एक प्रत खरंच पुरते, आणि मला हाच मार्ग पसंत आहे. दोन्ही चालू ठेवायचे असतील तर विनंती एचटीटीपीची की एचटीटीपीएसची हे सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर वार्निशकडे पाठवा आणि त्याच्या हॅशमध्ये, म्हणजे पानाच्या ओळखीत, तो घाला. वर्डप्रेसचं डब्ल्यूपी सुपर कॅश हे प्लगइन अशा वेगळ्या प्रती स्वतःच ठेवतं : त्याच्या फोल्डरात ‘इंडेक्स’ आणि ‘इंडेक्स-एचटीटीपीएस’ अशा दोन वेगळ्या फायली शेजारी दिसतात.

तपासताना ब्राउझर नको, तो स्वतःच ३०१ लक्षात ठेवतो. कॅश रिकामा करा, कर्ल या कमांडनं आधी एचटीटीपीचा पत्ता मागवा आणि दोन मिनिटांच्या आत एचटीटीपीएसचा. दुसऱ्याला २००, म्हणजे ‘ठीक, हे घे पान’, असं उत्तर आलं पाहिजे.