स्टेंधालचा अनुवादक

तुमचा लेख आवडला, पण जपानी लेखक शोहेई ओओकांना (१९०९–१९८८) त्यात फक्त 'नोबि'चे, म्हणजे युद्धकादंबरीचे लेखक म्हणून आणलंय. त्यांच्यातल्या अनुवादकाला एका ओळीत उरकलंत, ते खटकलं. क्योतोला फ्रेंच साहित्य शिकलेला, स्टेंधाल या फ्रेंच कादंबरीकारामागे वेडा होऊन त्याचे अनुवाद करणारा हा माणूस. १९४४ मध्ये पस्तिशीत, बायकोपोरं मागे ठेवून सैन्यात ओढला गेला आणि फिलिपिन्समधल्या मिंदोरो बेटावर जाऊन पडला.

तिथे अमेरिकनांकडून पकडले जाण्याआधीचा प्रसंग त्यांनी १९४८ मध्ये लिहिला. मलेरियाने अंग फणफणलेलं, घशाला कोरड, गवतात एकटेच पडलेले. समोरून एक कोवळा, लालबुंद गालांचा अमेरिकन सैनिक चालत येतो. बंदूक हाताशी आहे, पण ते गोळी झाडत नाहीत. तेवढ्यात दुसरीकडे गोळीबार होतो आणि तो पोरगा तिकडे वळतो. झालं, घटना एवढीच! पण पुढे कितीतरी पानं ते स्वतःचीच उलटतपासणी घेतात: दया आली? भीती वाटली? की तो दिसायला गोड होता म्हणून? 'मी माणुसकी दाखवली' असं सोपं उत्तर ते स्वतःला घेऊ देत नाहीत. मनाची ही चिरफाड मला तरी थेट स्टेंधालच्या तालमीतली वाटते.

आणि हो, १९७१ मध्ये जपानच्या कला अकादमीचं सदस्यत्व त्यांनी नाकारलं. कारण दिलं, मी युद्धकैदी होतो. हे लेखात यायलाच हवं होतं राव.