अपघातानंतर फ्लाइट नंबर ‘कायद्याने’ बाद होतो?

मोठा विमान अपघात झाला की एक जुना मेसेज नव्याने फिरू लागतो. मजकूर साधारण असा: प्रत्येक विमानाला जगात एकमेव असा फ्लाइट नंबर असतो, ते विमान पडलं की आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार तो नंबर कायमचा बाद होतो, 191 हा नंबर तर शापितच आहे, आणि सम नंबरची विमानं पूर्वेला जातात, विषम नंबरची पश्चिमेला. यातलं शेवटचं तेवढं अर्धंमुर्धं खरं आहे.

‘प्रत्येक विमानाला नंबर.’ विमानाला असतो तो नोंदणी क्रमांक, मागच्या बाजूला शेपटीजवळ रंगवलेला. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला कोसळलेलं विमान होतं व्हीटी-एएनबी. एआय 171 हा त्या फेरीचा नंबर. रेल्वेगाडीचा क्रमांक जसा इंजिनाला चिकटलेला नसतो, तसंच हे. एकच विमान दिवसभरात चार-पाच नंबरांनी उडतं आणि उद्या त्याच नंबरांवर दुसरी विमानं असतात.

‘जगात एकमेव.’ तेही नाही. आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना प्रत्येक कंपनीला दोन अक्षरांचा किंवा अक्षर-अंकाचा कोड देते. पुढचे 1 ते 9999 आकडे कुठे लावायचे ते कंपनी ठरवते. म्हणजे 171 नंबर एकाच वेळी कितीतरी कंपन्यांकडे असू शकतो. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना तर 9999 सुद्धा अपुरे पडतात, कारण स्वतःच्या हजारो फेऱ्यांशिवाय भागीदारांच्या विमानांवरही त्यांचे नंबर लागतात, याला कोडशेअर म्हणतात. मग एकाच नंबरवर एकाच दिवशी दोन वेगळ्या फेऱ्या निघतात. विमानतळावरच्या बोर्डवर एकाच फेरीसमोर नंबर आळीपाळीने बदलत राहतात, तो याच कोडशेअरचा परिणाम. रिकामे झालेले नंबर पुन्हा कामाला लागतात. बीए 1 हा ब्रिटिश एअरवेजच्या लंडन-न्यूयॉर्क कॉन्कॉर्डचा, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान विमानाचा नंबर. कॉन्कॉर्ड 2003 मध्ये थांबलं आणि 2009 मध्ये तोच नंबर लंडन सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला जाणाऱ्या, जेमतेम 32 आसनांच्या एअरबसला मिळाला.

आता ‘कायद्या’बद्दल, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. असा आंतरराष्ट्रीय कायदा नाही. नंबर काढून टाकतात त्या कंपन्या, आपणहून. कारणं उघड आहेत: मृतांच्या नातेवाइकांचा मान, प्रवाशांच्या मनातली धास्ती आणि अर्थात कंपनीची प्रतिमा. मलेशिया एअरलाइन्सने 2014 मध्ये एमएच 370 चं एमएच 318 केलं आणि काही महिन्यांनी एमएच 17 चं एमएच 19. एअर फ्रान्सच्या 447 च्या जागी 445 आला, एअर इंडियाच्या 171 च्या जागी 159. मार्ग तेच राहिले, बदलला तो आकडा.

बंधन असतं तर 2011 मधला प्रकार घडलाच नसता. 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने 93 आणि 175 हे नंबर बंद केले होते. कॉन्टिनेंटल या विमान कंपनीशी विलीनीकरण झाल्यावर दोन्ही नंबर चुकून पुन्हा संगणकात चढले. कुठल्याही यंत्रणेने ते अडवले नाहीत. लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीनेच ते मागे घेतले. उलट क्वांटासचं क्यूएफ 1 हे विमान 1999 मध्ये बँकॉकला धावपट्टी सोडून पुढे गेलं, प्राणहानी झाली नाही, आणि नंबर आजही तोच आहे. बाद झालेल्या प्रत्येक नंबरामागे अपघातच असतो, असंही नाही. फिनलंडच्या फिनएअरचा हेलसिंकीला जाणारा 666 हा नंबर पाश्चात्त्य समजुतीत सैतानाचा, तरी कित्येक वर्षं तो तिकडे अशुभ मानल्या जाणाऱ्या 13 तारखेच्या शुक्रवारीही बिनघोर उडत होता. 2017 मध्ये तो 954 झाला, कुणाला खरचटलंही नसताना.

191 च्या शापाची यादी मात्र जरा जवळून पाहण्यासारखी आहे. 1979 मध्ये शिकागोला अमेरिकन एअरलाइन्सचं 191 पडलं, 1985 मध्ये डलासला डेल्टाचं 191. या दोन भीषण दुर्घटना खऱ्या. पुढे यादी वाढवायला 2006 चं कोमेअर 5191 घेतलं जातं. हा आकडा 191 नाहीच, पण शेवटचे तीन अंक जुळले की झालं! मग येतं 2012 चं जेटब्लू 191: वैमानिकाचं मानसिक संतुलन बिघडलं, विमान टेक्सासमधल्या अमारिलोला उतरवलं, सगळे वाचले. शापाच्या खात्यात हेही जमा. इतक्या कंपन्या, इतकी दशकं आणि ‘शेवटी 191 आला तरी चालेल’ अशी सवलत असेल, तर हवा तो आकडा शापित ठरवता येईल.

राहिलं सम-विषम. अमेरिकी कंपन्यांमध्ये पूर्वेला सम, पश्चिमेला विषम हा प्रघात बराचसा दिसतो. इतरत्र बऱ्याच कंपन्या दिशा पाहत नाहीत, तळावरून निघणं आणि परतणं पाहतात. ब्रिटिश एअरवेजचं 139 लंडनहून मुंबईला, म्हणजे पूर्वेलाच येतं, आणि विषम आहे, परतीचं 138. सिंगापूर एअरलाइन्स याच्या बरोबर उलट करते: सिंगापूरहून नेवार्कला जाणारं 22, येणारं 21.