कंस उघडलाय तर बंद कोण करणार?

सांगलीत विश्रामबागेत गणिताची ट्यूशन घेतो, नववी-दहावीची पोरं, आणि दर टेस्टला तेच रडगाणं. क्षच्या जागी उणे 3 ठेवून वर्ग काढा म्हटलं की लिहिणार −3² आणि पुढं बिनधास्त 9. अरे लेका, कंस कुठाय? कंस नसला की आधी 3 चा वर्ग आणि मग उणे, म्हंजे −9. (−3)² लिही, मग म्हण 9! त्यात एकजण म्हणतो, "सर, एक्सेलमधी 9च येतंय." येतंय रे बाबा, एक्सेल उणे आधी धरतं, तो त्याचा नियम, बोर्डाचा पेपर काय एक्सेल तपासणार हाय व्हय?

कंचेभागुबेव, म्हंजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम, सगळ्यांचा पाठ. नुसतं पाठच. 2(क + 3) दिलं की 2क + 3 करून मोकळे, 3 ला कोण गुणणार, मी?

आणि पालकांचे मेसेज बघा, "सर फी (मागच्या महिन्याची उद्या देतो आणि पोरगं आज मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला येतंय माझ्यासंगं सुट्टी द्या", आता ह्यातला कंस कुठं संपला ते मीच शोधायचं. खाली परत स्मायली :) तेवढाच काय तो बंद कंस.