जुन्या गेम्सचं स्पीडरन करायचं तर सगळ्यांचं सेटिंग एकच पाहिजे

भावांनो, ग्रुपवर जे चाललंय ते बघून हे लिहायला बसलोय, व्हॉट्सॲपवर एवढं टाकलं तर कोण वाचणार नाही. प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या गेमच्या स्पीडरनमध्ये, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवायच्या शर्यतीत, एक नंबरचा टाईम कुणाचा यावरनं कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली पोरं एक म्हणतात, मंगळवार पेठेतली दुसरंच म्हणतात, आणि प्रत्येकाकडं व्हिडिओ आहे. माझं म्हणणं सरळ आहे. गेम कशावर आणि कुठल्या सेटिंगवर चालवायची हे आपण आधी ठरवलंच नाही, त्यामुळं दोन टाईम शेजारी ठेवून बघायलाच येत नाहीत, मग खोटं कोण खरं कोण करण्यात काय अर्थ आहे.

आता हे एवढं महत्त्वाचं का, तर जुन्या डॉस (विंडोजच्या आधीची सिस्टीम) गेम्समध्ये वेळ मोजायची पद्धत प्रत्येकीची वेगळी. काही गेम्स कॉम्प्युटरच्या टायमर चिपकडनं वेळ घेतात, त्या कुठल्याही मशीनवर साधारण एकाच चालीनं चालतात. आणि काही गेम्स प्रोसेसर जेवढा पळेल तेवढ्या पळतात, 1990 ची विंग कमांडर घ्या, तिच्या काळातल्या मशीनवर झकास आणि नंतरच्या फास्ट मशीनवर एवढी सुसाट की विमान हातात राहत नाही. जुन्या कॅबिनेटवर टर्बो म्हणून बटण असायचं ना, ते बऱ्याच जणांना मशीन फास्ट करायचं वाटतं, खरं काम उलटं होतं, ते बंद केलं की मशीन हळू व्हायचं आणि जुनी गेम नीट खेळता यायची. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत केलेले कितीतरी प्रोग्रॅम तर फास्ट पेंटियमवर सुरू होतानाच रनटाईम एरर 200 देऊन बंद पडायचे, कारण मशीनचा स्पीड मोजायचा त्यांचा हिशोबच एवढ्या फास्ट मशीनसाठी केलेला नव्हता.

प्रिन्स टायमरवाली आहे, त्यामुळं सगळ्यांना वाटतं की तिच्यात काय फरक पडणार. पडतो की! जॉर्डन मेकनरनं ती 1989 ला ॲपल टूसाठी काढली, डॉसवर 1990 ला आली, आणि डॉसवर ती सेकंदाला 12 फ्रेम, म्हणजे 12 चित्रं, अशी चालते, तलवारबाजी सुरू झाली की 10. गेम संपवायला जी 60 मिनिटं मिळतात ती घड्याळावर मोजलेली नसतात, फ्रेमवर मोजलेली असतात, 720 फ्रेम झाल्या की एक मिनिट कमी. म्हणजे लढाई चालू असताना गेमचं एक मिनिट आपल्या घड्याळात 72 सेकंदांचं होतं. आणि मशीन अडखळत असलं तर गेमचं घड्याळ पण त्याच्याबरोबरच अडखळतं. म्हणून "माझी एवढी मिनिटं शिल्लक होती" हा पुरावा मी मानत नाही, टाईम बाहेरच्या घड्याळाचाच धरायचा.

पण बाहेरचं घड्याळ लावूनसुद्धा भागत नाही. डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुनं डॉस मशीन उभं करणारा प्रोग्रॅम, त्यात कंट्रोल एफ 11 दाबलं की सायकल्स, म्हणजे त्या नकली मशीनचा स्पीड, कमी होतात, कंट्रोल एफ 12 नं वाढतात. आता समजा जाड्या गार्डसमोर आलास, तीन चार वेळा एफ 11 दाबलंस, गेम घसरत चालायला लागली, त्यानं तलवार उचललेली तुला निवांत दिसतीय, निवांत अडवतोयस, गार्ड मेला की परत एफ 12. थोडे सेकंद गेले, पण तू मेला नाहीस आणि रन वाचला. प्रामाणिकपणे खेळणाऱ्याला तोच वार डोळ्याचं पातं लवायच्या आत अडवायला लागतो. हा फरक स्टॉपवॉचमध्ये दिसत नाही.

दिसतो कुठं, तर विंडोच्या टायटल बारमध्ये. डॉसबॉक्स तिथं स्वतःचं व्हर्जन, सीपीयू स्पीड किती सायकल्स, फ्रेमस्किप (गाळलेल्या फ्रेम) किती आणि कुठला प्रोग्रॅम चालू आहे हे सगळं लिहितं, आणि सायकल्स बदलल्या की तो आकडा तिथल्या तिथं बदलतो. म्हणून माझी पहिली मागणी ही की फुल स्क्रीन बंद, विंडोत खेळा, टायटल बार रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीपासनं शेवटपर्यंत दिसला पाहिजे. आणि रेकॉर्डिंग डॉस प्रॉम्प्टपासनं चालू करा, म्हणजे नुसतं प्रिन्स टाईप केलंय, पुढं मेगाहिट लावून चीट चालू केलेलं नाही, हे पण दिसेल.

सेटिंगबद्दल माझं म्हणणं असं की डॉसबॉक्स 0.74-3 घ्या, फुकट आहे, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतं. सायकल्स ऑटोवर ठेवू नका, फिक्स्ड 10000 करा. एवढ्यात गेम कुठं अडखळत नाही, आणि टायमरवर असल्यामुळं उगाच जास्त पळत पण नाही. सेव्ह स्टेट, म्हणजे हव्या त्या क्षणी गेम साठवून परत तिथनंच सुरू करायची सोय, असणारे डॉसबॉक्सचे दुसरे अवतार सरावाला खुशाल वापरा, रनला नको. गेमचं व्हर्जन पण एकच, कुठलं ते मत घेऊन ठरवू.

आता ज्यांचं म्हणणं आहे की खरं रन म्हणजे खऱ्या मशीनवरच, त्यांचा मला मनापासनं आदर आहे. सीआरटीचा, जुन्या डब्बा मॉनिटरचा पडदा, तो जुना कीबोर्ड, ती मजा वेगळीच. पण खरं मशीन म्हणजे कुठलं? 386 का 486 का पेंटियम, प्रोसेसर तरी कुठला? हार्डडिस्क का फ्लॉपी? दोन खऱ्या मशीनमध्ये जेवढा फरक असतो तेवढा एकच सेटिंग लावलेल्या दोन डॉसबॉक्समध्ये नसतो. आणि चालू 486 आज किती जणांच्या घरात आहे, उद्या कॉलेजातलं एखादं पोरगं यायचं म्हटलं तर त्यानं आधी भंगारात मदरबोर्ड हुडकत फिरायचं काय? जे सगळ्यांना मिळू शकतं तेच मैदान धरलं पाहिजे, माझ्यासाठी न्याय म्हणजे एवढाच.

खऱ्या मशीनवाल्यांना बाहेर काढा असं मी म्हणत नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, म्हणून कोण मातीवरच्या पैलवानाला कमी लेखत नाही. तसे दोन तक्ते करू. एसडीएलपॉप, म्हणजे आजच्या मशीनवर थेट चालणारी प्रिन्स, वापरणाऱ्यांचा तिसरा, कारण ती डॉसची गेम उलगडून परत लिहिलेली आहे, कितीही हुबेहूब असली तरी प्रोग्रॅम वेगळा. तिच्यात रिप्ले, म्हणजे खेळ परत जसाच्या तसा दाखवणारी फाईल, रेकॉर्ड होतो ही मात्र लई मोठी सोय आहे.

रिप्लेवरनं डूमचं सांगतो. डूम ही बंदुकीची गेम 1993 ची, सेकंदाला 35 टिक, म्हणजे गेम सेकंदाला 35 पावलं पुढं सरकते, आणि तिची डेमो फाईल म्हणजे व्हिडिओ नाहीच, प्रत्येक टिकला खेळणाऱ्यानं काय केलं एवढंच त्यात असतं, एका टिकला फक्त 4 बाईट. ती फाईल दुसऱ्याच्या मशीनवर लावली की अख्खा रन त्याच्यासमोर परत घडतो आणि वेळ टिकमध्ये मोजता येतो, मशीन कसलं पण असू दे. म्हणून डूमवाल्यांनी व्हिडिओबरोबर डेमो फाईल पण द्यायचीच.

टीव्हीला जोडायच्या कार्ट्रिजवाल्या गेमचं एवढंच की आपल्याकडचा जुना टीव्ही पॅल पद्धतीचा, 50 हर्ट्झचा (सेकंदाला 50 वेळा चित्र बदलणारा), अमेरिका जपानचा 60 चा, त्यामुळं 60 साठी केलेली मारिओ 50 वर चालवली तर ती सहाव्या हिश्शानं हळू पळते, दोन्ही टाईम एका तक्त्यात नकोत.

आधीच्या टाईमचं काय, तर एकही खोडू नका. पोरांनी रात्री जागून केलेत ते. फक्त त्यांच्यापुढं "सेटिंग माहीत नाही" असं लिहा आणि ज्याला वाटतंय त्यानं नव्या सेटिंगवर परत रन द्यावा, मी पण माझा देणार. डॉसबॉक्सची कॉन्फिग फाईल, म्हणजे ही सगळी सेटिंग लिहिलेली फाईल, ग्रुपवर टाकतोय, ती बघा, सायकल्सच्या आकड्यावर कुणाचं वेगळं मत असेल तर रविवारपर्यंत कारणासकट खाली लिहा. आणि कोल्हापुरात कुणाकडं चालू 386 नाहीतर 486 असेल तर मेसेज करा, त्या तक्त्यात अजून एकही नाव नाही.