नकलीची नकल आणि माझा स्क्रूड्रायव्हर

माझा स्टार स्क्रूड्रायव्हर सध्या सोलापुरातल्या विजापूर वेशीकडच्या एका भंगारवाल्याच्या ताब्यात आहे. चांगला होता हो, चुंबकाचा.

मी जुन्या टीव्ही गेमांची नोंद ठेवतो. ज्याच्या कॅसेटीत आपण फुंकर मारायचो, तो डबा. मूळ यंत्र निन्टेंडो या जपानी कंपनीचं, नाव फॅमिकॉम, जपानात १९८३ला निघालं. आपल्या वाट्याला आल्या बिनपरवान्याच्या नकला. त्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना साल. म्हणून मी डबे खोलतो, बोर्डाचे फोटो काढतो, चिपचे नंबर वहीत उतरवतो. बायको याला ‘उद्योग’ म्हणते, आणि ते कौतुकाने नाही.

परवा त्याच भंगारवाल्याकडे असाच एक डबा उघडत होतो, तर मागून आवाज आला, “काय करलालाव ओ?”

तांब्याची तार विकायला आलेले आजोबा.

“नोंद करतोय. हे नकली आहे.”

“नकली हाय तर नोंद कशाला? आमच्या गल्लीत नकली डॉक्टर हाय, त्येची करा.”

“तसं नाही आजोबा. जुन्या डब्यांत यूए ६५२७ नंबराची चिप सापडते, तैवानच्या यूएमसी कंपनीची. पुढच्या स्वस्त डब्यांत सगळं एकाच चिपमध्ये, वर डांबरासारखा काळा थेंब. नंबरच नाही.”

“म्हंजे नकलीची बी नकल?”

दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी कळलं! मी हुरळलो. कॅसेट दाखवली, वर छापलेलं ‘९९९९९९९ इन १’. आजोबांनी बोट ठेवत नऊ मोजले.

“सात नऊ. एवढ्या गेमा कोण मोजलं?”

“कुणीच नाही. आत मोजक्याच असतात, नावं बदलून पुन्हा पुन्हा त्याच.”

“मग केस घालायला आलाव म्हना की!”

आणि भंगारवाल्याच्या कानात, म्हणजे अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं, कुजबुजले, “कंपनीचा मानूस हाय. वहीत नंबर उतरवलालाय.”

भंगारवाल्याने डबा हिसकावला, मला बाहेर काढलं आणि शटर ओढलं. कंपनीचा माणूस म्हणे! माझी चप्पल तरी बघायची. डाव्या पायाचा अंगठा दोऱ्याने शिवलाय.

हसू येतं, पण डोकंही फिरतं. हे डबे प्लॅस्टिकच्या भावाने बादल्यांबरोबर भरडले जातात. कुणी जोडले, कुठून आणले, हे सांगू शकणारे दुकानदार म्हातारे झाले, आणि विचारायला जावं तर शटर. त्या कॅसेटीचा फोटोसुद्धा हलला.

दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर मागायला गेलो. तो समोरच, तराजूशेजारी पडला होता.

“तुमचाच कशावरून?” भंगारवाला म्हणाला. “नाव हाय का त्येच्यावर?”

नव्हतं.