स्वीडनचा मेसेज आणि मातीचा बैल

गेल्या आठवड्यात आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर 'प्रत्येक पालकाने वाचावे', खाली जोडलेले हात. दुपारपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर गेला, सायंकाळी भजनी मंडळाच्या, आणि रात्री माझ्या नवऱ्यानं तो मलाच पाठवला. आमच्याकडे टाकला होता एका निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींनी. फळ्यावर ओळ सरळ कशी ठेवायची हे मी त्यांच्याकडून शिकले, म्हणून ग्रुपवर उलट बोलायची हिंमत झाली नाही. इथं सविस्तर लिहिते.

मेसेजचं म्हणणं असं. स्वीडननं डिजिटल शिक्षण बंद केलं आणि पुस्तकं परत आणली. मोबाईलनं लेकरांची कल्पकता मरते. खेड्यात रेंज नाही, लाईट नाही, तिथं हे शहरी चोचले कशाला? स्क्रीन आली की शिक्षक खुर्चीत बसतो. आणि शेवटी, वर्ध्याच्या भूमीत गांधीजींनी हाताला काम देणारं शिक्षण दिलं, आपण त्याच हातात मोबाईल दिला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, खोल्या दोन. पोरं शेतकऱ्यांची, मजुरांची, काही जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची.

आधी स्वीडन, कारण परदेशाचं नाव आलं की समोरचा गप्प बसतो. 2023 मध्ये तिथल्या शालेय शिक्षणमंत्री लोट्टा एडहोम यांनी शाळांच्या डिजिटलीकरणाचा नवा आराखडा थांबवला, हे खरं आहे. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या तिथल्या नामांकित वैद्यकीय संस्थेनं त्या आराखड्यावर टीका केली होती, हेही खरं. पण 'बंद' काय केलं? सहा वर्षांखालच्या लेकरांच्या बालवाडीत डिजिटल साधनं सक्तीची होती, ती सक्ती काढायचं ठरलं. आणि छापील पुस्तकं घ्यायला शाळांना त्या वर्षी 68.5 कोटी क्रोनर दिले. मोठ्या मुलांच्या गणितात 2018 पासून प्रोग्रॅमिंग आहे, ते काही कोणी काढून टाकलं नाही.

आता आपल्याकडे बघा. स्वीडन ज्या पुस्तकांसाठी पैसे मोजतोय, ती बालभारतीची पुस्तकं आमच्या लेकरांना शाळा उघडली की फुकट मिळतात. पुस्तक आमच्याकडून कधी गेलंच नव्हतं, मग परत कुठून आणायचं? उलट त्याच पुस्तकात क्यूआर कोड छापलेला आहे. तो स्कॅन केला की 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवरचा धडा उघडतो. इथं पुस्तक आणि फोन एकमेकांचे वैरी नाहीत, एकाच पानावर नांदतात. अंगणवाडीतल्या लेकराच्या हाती स्क्रीन नको, एवढंच स्वीडनचं म्हणणं असेल तर मी स्वीडनच्या बाजूची.

दुसरा मुद्दा कल्पकतेचा, आणि इथं मला जरा थांबायचंय.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडाचे बैल सजवून घरोघर फिरवतात. ज्यांच्याकडे लाकडाचा नाही ती मातीचा करतात. गेल्या वर्षी नाल्यातल्या मातीचे सात-आठ बैल आणि एक बंडी, म्हणजे बैलगाडी, वर्गात वाळत पडली होती. चौथीतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हे चालते कराले येते का जी?" माझ्या जुन्या फोनमध्ये स्टॉप मोशनचं फुकटचं ॲप होतं. एकदा उतरवून घेतलं की त्याला नेट लागत नाही. बैल जरासा सरकवायचा, फोटो काढायचा, परत सरकवायचा, परत फोटो. भराभर दाखवले की बैल चालतो.

फोन दोन विटांच्या मध्ये उभा केला आणि वर दप्तराचा पट्टा बांधला. पहिल्या खेपेला पोरांनी बैल वीतभर सरकवला. फिल्म लावली तर बैल टणाटण उड्या मारत गेला. "हा बैल होय का बेंडूक?" मागून कोणीतरी ओरडलं. मी काहीच बोलले नाही. मग त्यांचं त्यांनीच सुरू केलं. फरशी चाळीस सेंटिमीटरची, बैलाला ती दोन सेकंदांत ओलांडायची, सेकंदाला दहा फोटो, म्हणजे वीस फोटो. मग दर फोटोला किती सरकवायचा? भागाकाराला घाबरणारी पोरगी पट्टी घेऊन ओरडली, "दोन! दोनच!" खडूनं फरशीवर दोन-दोन सेंटिमीटरच्या खुणा पडल्या. दुसऱ्या खेपेला बैल चालला. मध्येच एकाची सावली पडली ती फिल्ममध्ये अजून दिसते. बॅटरी अकरा टक्क्यांवर आली तेव्हा सुट्टी झाली होती आणि घरी कोणी जात नव्हतं.

बैलाला बोलतं करायचं होतं. पोडावरची एक मुलगी जूनपासून वर्गात 'हजर' याशिवाय फारसं बोलली नव्हती. तिची घरची भाषा कोलामी, मराठीशी नातं नसलेली, द्राविडी कुळातली. पोरांनीच ठरवलं, आपला बैल हिच्या भाषेत बोलेल. ती फोनपाशी तोंड नेऊन दोन वाक्यं बोलली. मग तिनं स्वतःचा आवाज ऐकला. परत ऐकला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मान हलवून म्हणाली, "चुकलं, परत घ्या." पहिल्या सत्रातलं तिचं ते सगळ्यात मोठं मराठी वाक्य.

आता सांगा, कल्पकता मरते ती कशानं? लेकरू पडद्यासमोर तोंड उघडं टाकून बसलं तर मरते, कबूल. पण मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत पाढे घोकतानाही ती मरतेच की. मेसेज लिहिणाऱ्यानं बघण्याला डिजिटल शिक्षण म्हटलं आणि करण्याचं नावच काढलं नाही. बघणं जास्त होतं हे मात्र खोटं नाही. 'असर' या शाळकरी मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन घरात पोचलाच आहे. शाळेनं हात झटकले की तो दुसरं काही शिकवायचा थांबणार नाही. आणि मुलींचं वेगळंच. घरातला फोन आधी भावाच्या हातात जातो. आमच्या वर्गातल्या काही मुलींनी कॅमेऱ्याचं बटण पहिल्यांदा शाळेत दाबलं.

रेंजचा मुद्दा लवकर आटोपते. रेंज नाही हे मला कोणी सांगायची गरज नाही, मी ती निंबाच्या झाडाखाली उभी राहून शोधते. पण बैलाच्या फिल्ममधलं काहीही नेटवर चाललं नाही. लागणारे व्हिडिओ मी तालुक्याला गेले की उतरवून मेमरी कार्डात आणते. दीक्षावरचे धडेही आधी उतरवून ठेवता येतात. आणि टाळेबंदीत, 2020 च्या जुलैत, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळेच्या धड्यांची मालिका सुरू झाली तेव्हा तिला ना नेट लागत होतं ना स्मार्टफोन, शेजाऱ्याचा टीव्ही चालत होता. लाईट जाते हे खरं, पण ती गेली की गावची पिठाची गिरणीही थांबते. म्हणून गिरणी शहरी चोचला होत नाही.

शिक्षक खुर्चीत बसतो, हा आरोप मला लागला, कारण तो माझ्यावरच बसतो. लोकवर्गणीतून आलेल्या टीव्हीवर मी कवितांचे व्हिडिओ लावून दिले आहेत, एकदा नाही, अनेकदा. पोरं हातवारे करत होती आणि मी खाली मान घालून फोनवर काय करत होते? माहिती भरत होते. आज बारापर्यंत ही लिंक भरा, उद्या दहापर्यंत ते फोटो अपलोड करा, परवा तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात. मोबाईलनं शिक्षकाला वर्गातून उचललं हे गुरुजींचं निरीक्षण अचूक आहे, फक्त चोर चुकीचा पकडलाय. व्हिडिओनं मला उचललं नाही, लिंकनं उचललं. त्या विरोधात कोणी मेसेज लिहिला तर पहिला फॉरवर्ड माझा.

खरं तर पोरांच्या हाती फोन दिला त्या दिवशी मला खुर्ची मिळालीच नाही. फोन एक, पोरं सतरा. कोण सरकवणार, कोण बटण दाबणार, कोण सावलीवर लक्ष ठेवणार, भांडणं कोण सोडवणार? व्हिडिओ लावला की शिक्षक मोकळा होतो, करायला दिलं की अडकतो. मोकळं व्हायचं असेल तर टीव्ही लावा, एवढा अनुभव मी देऊ शकते.

शेवटी वर्धा. तिथं काय ठरलं होतं ते आधी नीट बघू या. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, मग झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समितीनं अभ्यासक्रम मांडला, त्यातून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायची पद्धत, उभी राहिली. टकळी, म्हणजे हातानं सूत काढायची चाती, त्यात मुख्य. पण टकळी जुनी म्हणून किंवा देशी म्हणून तिला मान नव्हता. पोरानं सूत काढायचं, मग कापूस कुठून आला तो भूगोल, सूत किती तार निघालं ते गणित, मजुरी किती पडते तो हिशेब. हातातल्या अवजारातून विषय उलगडायचे. ही कसोटी मला पूर्ण मान्य आहे. नुसता दाखवणारा फोन तिच्यावर नापास होतो. पण भागाकार करायला लावणारा फोन?

एक गंमत सांगते. आमच्या पोरांच्या घरी दसऱ्यापासून घरभर कापूस असतो, वेचायलाही ती जातात, पण टकळी एकानंही पाहिली नव्हती. फोनवर चार मिनिटांचा व्हिडिओ दहा-बारा वेळा थांबवून-थांबवून पाहिला. छत्रीची तार आणि फुटक्या कौलाची घासून गोल केलेली चकती, झाली टकळी. तीन दिवस सूत तुटतच होतं. चौथ्या दिवशी एकीचं हातभर निघालं. ते तिनं राखीसारखं मनगटाला गुंडाळून घरी नेलं.

एवढं लिहून झाल्यावर धीर करून मी बैलाची फिल्म गुरुजींना वेगळी पाठवली, ग्रुपवर नाही. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ काही नाही. रात्री साडेनऊला उत्तर आलं, "बैलाला वेसण नाही. पोरांना सांगा." मी सकाळी सांगितलं. सुतळीचा एक धागा सोडवून ती आता वेसण घालताहेत आणि फिल्म पहिल्यापासून परत काढायची म्हणताहेत. फोन चार्ज करून न्यायचा आहे.